तांबूला हात न लावणारं घर

मंगळवार, ४ नोव्हेंबर

हाटकेशला दत्तक दिला होता, तिथून आमचा कुत्रा तांबू परत आला. रिक्षातून. त्याला नेणारे दादा शेजारी, पण अंग चोरून, निम्मे रिक्षाच्या बाहेर. वहिनी दुसऱ्या रिक्षातून, मागून.

सगळं सांगितलं होतं. मागून हात लावायचा नाही, कमरेला तर नाहीच. त्याला वाटेल तेव्हा तो स्वतः येतो, गुडघ्यावर हनुवटी टेकतो, तेवढा वेळ आपण गप्प बसायचं. दोघांनी माना डोलावल्या. इतक्या लगेच माना डोलावल्या तेव्हाच मला संशय आला होता. वहिनींनी व्हिडिओ काढायला म्हणून त्याला मागून मिठी मारली. ओढणी फाटली. दात लागला नाही, त्यांचा हात मी निरखून बघितला.

"एवढा जीव लावला हो, तरी उलटला," वहिनी म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं. खरं असावं.

तांबू आत गेला आणि भिंतीला पाठ लावून बसला. म्हातारा झालाय, तोंडाभोवतीचं तांबडं सगळं पांढरं पडलंय. गाडीखाली आला तेव्हा कमरेचं हाड वाकडं जुळलं. डॉक्टर म्हणतात, तिथे हात लागला की त्याला चटका बसल्यासारखं होत असणार. लोकांना वाटतं, तो रागीट आहे.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आमची कुत्र्यांची शेड चालवणाऱ्या मॅडमनी आज सगळ्यांसमोर सांगून टाकलं. शेडची जागा मालकाला परत हवी आहे. राई गावाच्या पुढे आता टॉवर चाललेत, इथेही होणार. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेट बंद. बाकीचे कुत्रे वाडा तालुक्यात एका मोठ्या संस्थेकडे जातील. मोकळं आवार, सगळे एकत्र.

तांबूचं काय, विचारलं. एकत्र सोडला तर कोणीतरी मागून धडकणार, तो चावणार, मग सगळे त्याच्यावर पडणार. मॅडमनी तिथल्या माणसाशी बोलून ठेवलंय. "अशांसाठी पिंजरे आहेत," तो म्हणाला. "किती दिवस ठेवता?" असं मॅडमनी विचारल्यावर तो हसला म्हणे.

म्हणजे घर मिळालं तर आत्ताच. नाहीतर पिंजरा, मरेपर्यंत.

आमच्याकडे नेता येत नाही. इंद्रलोक वस्तीत आमची एकच खोली. आई, मी, ताई आणि तिचं बाळ. बाळ रांगायला लागलंय, दिसेल त्याला धरून उभं राहतं. विषय संपला. (असं लिहिलं तरी संपत नाही.)

मॅडम म्हणाल्या, "संदेश, तू एवढी उलटतपासणी घेतलीस तर दत्तगुरूसुद्धा कुत्रा न घेता परत जातील."

शनिवार, ८ नोव्हेंबर

फोन आले. एक मीरा रोडचा. "भौंकता है ना? गोडाउन के लिए चाहिए." मी विचारलं, बांधून ठेवणार का? "तो क्या गोद में बिठाऊँ?" ठेवून दिला.

दुसरा एका बाईंचा. त्याच्यात वाईट ऊर्जा साठली आहे, अंगावरून हात फिरवून त्या ती काढतील. फोन मॅडमकडे दिला.

तिसरा फार्महाऊसवाला. फार्महाऊस कुठे आहे ते सांगेना. "तुला कशाला? कुत्र्याला कळलं म्हणजे झालं." मोठ्याने हसला. मी हसलो नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

मुर्ध्याहून एक काका आले. नारायणकाका. पूर्वी मिठागरं होती त्यांची, गावातलं जुनं घर आहे. स्कूटर गेटबाहेर लावली, आत येऊन कुंपणाशी उभे राहिले. चुकचुक केली नाही, शीळ नाही, "आलेऽऽ माझं बाळ" नाही. नुसते उभे. कुत्र्यांकडे बघतही नव्हते.

तांबू उठला. लंगडत आला, त्यांच्यापासून थोडा दूर बसला. तेही तिथेच उकिडवे बसले. दोघंही खाडीकडे बघत. मला हे काही बरं वाटलं नाही.

आमच्याकडे पद्धत आहे. नेणाऱ्याने आमच्यासमोर कुत्र्याला हात लावायचा, मग हात लावलेला फोटो काढायचा, तो मॅडम पेजवर टाकतात. तांबूसाठी मॅडम सूट देतात, नुसता पुढून तळवा दाखवा म्हणतात. काकांनी तेही केलं नाही.

"कनाला हात लावू? त्यो मना ओलखत न्हाय, मी त्याला ओलखत न्हाय."

"पण फोटोला..."

"मना कुतरा पायजे. फोटो न्हाय पायजे."

मग मला बाजूला घेऊन दोन गोष्टी विचारल्या. परक्याला जवळ येऊ देतो का? मी म्हणालो, नाही. परक्याच्या हातचं खातो का? नाही, आपल्या भांड्यातलंच खातो. म्हणाले, "मंग ह्योच."

फोटो शेवटी काढला. काका एका टोकाला, हात पाठीमागे बांधून. तांबू दुसऱ्या टोकाला. मध्ये आमची पाण्याची टाकी.

ज्याला कुत्र्याला हातच लावायचा नाही त्याला कुत्रा कशाला हवा? आणि नेमका तो, ज्याला कोणी सांभाळायला मागत नाही?

सोमवार, १० नोव्हेंबर

मॅडम खूश. "हात लावत नाही म्हणजे तांबूला हवं तसंच की!" मी म्हणालो, आधी घर बघून येतो. म्हणाल्या, बघ, पण फोन करून जा. फोन करून गेलं की घर झाडून ठेवतात. मला न झाडलेलं बघायचं होतं.

आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. "गुहागरला आपल्या काळ्याला कोण हात लावायचं? भाकरी टाकायची, हाक मारायची. बाबा गेले तेव्हा तो घराकडे उतरणाऱ्या घाटीवरून उठला नव्हता."

मी म्हणालो, ते गाव होतं.

"आणि मुर्धा काय लंडन आहे?"

बुधवार, १२ नोव्हेंबर

मुर्ध्याला जाऊन आलो. फोन न करता. बसमधून उतरून गल्लीत शिरलो, त्यांच्या दारावरून दोनदा गेलो.

कौलारू घर, पुढे पडवी, मोठं अंगण. आंब्याचं झाड. उजव्या अंगाला भिंत, नवीन, अजून गिलावा नाही. भिंतीपलीकडे तसंच घर, पण वर स्लॅब टाकलेला. मागे टॉवरची जाळी. काकांच्या गेटला जाड साखळी आणि कुलूप. दिवसाढवळ्या. साखळी फक्त गेटसाठी की कुत्र्यासाठीही?

समोरच्या ओट्यावर एक बाई सुकट निवडत होत्या. त्यांना विचारलं, यांच्याकडे आधी कुत्रा होता का?

"होता."

"कुठे गेला?"

"गेला."

"म्हणजे मेला?"

"गेला, बोलली ना." आणि त्यांनी सूप दुसऱ्या बाजूला फिरवलं.

मग मी बाकीचं विचारलं. घरात किती माणसं? कोणी घरी नसतं असं होतं का? गेट कायम बंद असतं का? मागून वाट आहे का? बाईंचा हात थांबला. "कुठचा रं तू?" मी म्हणालो, सहज विचारलं. निघालो. वळून बघितलं तर त्या उठून उभ्या होत्या, कोणालातरी हाक मारत होत्या.

आधीचा कुत्रा. 'गेला.' हे सोडून देण्यासारखं नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

फार वाईट झालं.

सकाळी काका शेडवर आले. मी भांडी घासत होतो. मला बघितलं आणि ओरडले, "ह्योच त्यो! ह्योच!" मॅडम धावत आल्या. सुकट निवडणाऱ्या बाईंनी काकांना माझं वर्णन सांगितलं होतं.

त्यांच्या भावकीत जागेवरून वाद चालू आहे. भिंतीपलीकडचं घर पुतण्याचं. त्याला सगळी जागा बिल्डरला द्यायची आहे, काकांना द्यायची नाही. आणि एक अनोळखी पोरगा येऊन विचारतो, घरात माणसं किती, घर मोकळं कधी असतं, मागून वाट आहे का. गावाने काय समजायचं? बिल्डरचा माणूस. नाहीतर पुतण्याने धाडलेला.

"कुतऱ्याचं नाव सांगून घर बगायला आला! किती दिला रं त्यानं तुला?"

मी सांगत होतो, काका, आम्ही सगळ्यांचीच घरं बघतो. ऐकेनात. मॅडम म्हणाल्या, "अहो, तो सगळ्यांवरच संशय घेतो, माझ्यावरसुद्धा." त्याने काही फरक पडला नाही.

"तुमचा कुतरा तुमच्याजवल ठेवा." स्कूटर चालू करून गेले.

मॅडमनी माझ्या हातातली भांडी घेतली आणि स्वतः घासली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

कोणी नाही. मॅडमनी पेजवर पुन्हा टाकलं. लोक खाली लाल बदाम टाकतात, घर देत नाहीत.

वाड्याच्या माणसाने पिंजऱ्याचे फोटो पाठवले. स्वच्छ आहेत. तांबू उभा राहून वळला तर कंबर गजाला लागेल एवढे. फोटो मोठा करून करून बघितला. मोठा केल्याने पिंजरा मोठा होत नाही.

आज तांबू आला, गुडघ्यावर हनुवटी ठेवली. मी हललो नाही. पायाला मुंग्या आल्या तरी नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

मुर्ध्याला गेलो, या वेळी आईला घेऊन. कल्पना तिचीच. "तू एकटा गेलास तर ते गेटच उघडणार नाहीत. आईला घेऊन कोणी चोरी करायला येत नाही." आईने आमसुलं घेतली होती, गावची.

गेटवर काका. माझ्याकडे बघितलंच नाही. आई म्हणाली, "भाऊ, पोराला अक्कल कमी आहे, पण त्याच्या मनात वाईट नाही. पाणी मिळेल का?" पाणी मागितल्यावर कोण नाही म्हणणार. कुलूप उघडलं.

काकी पडवीत आल्या. आई आणि काकी लगेच माशांवर गेल्या. बोंबील आता पूर्वीसारखे मिळत नाहीत, कोळंबीला चव नाही, सगळं झालं. काकांनी मला समोर बसवलं.

"तू माझी चवकशी केलीस. आता मी तुझी करतो."

केली. कुठे राहतो, खोली भाड्याची की स्वतःची, बाप काय करायचा, शाळा का सोडली, दारू पितो का, बिल्डर लोकांत ओळख आहे का, फोनमध्ये कोणाकोणाचे नंबर आहेत. शेवटचं दाखवायला लावलं. काका अंगठ्याने यादी सरकवत होते. 'डॉक्टर कुत्रे', 'मांजर भा. पूर्व', 'पाव वाला कुत्र्यांसाठी'. बऱ्याच वेळाने म्हणाले, "तुला मानूस कोनी ओलखीचा न्हाय काय?"

काकी हसल्या. आईसुद्धा.

मग मी विचारलंच. आधीचा कुत्रा कसा गेला?

काकी पटकन म्हणाल्या, "म्हातारा होऊन गेला." त्याच वेळी काका म्हणाले, "डंपरखाली." आईने माझ्याकडे बघितलं, आता पुरे असं. मी पुरे केलं नाही.

काकी चहा करायला आत गेल्यावर काका भिंतीकडे बघत हळू बोलले. तो कुत्रा फार गरीब होता. कोणीही बोलावलं तरी जायचा, कोणीही हात फिरवला तरी पाठीवर लोळायचा, कोणीही टाकलं तरी खायचा. एक दिवस सकाळी आंब्याखाली पडलेला, तोंडाला फेस. काकांना वाटतं पुतण्याने घातलं. काकी म्हणतात, आपल्याच रक्तावर असं बोलायचं नाही, बघितलं कोणी? म्हणून दोघांनी दोन गोष्टी ठरवल्या आहेत लोकांना सांगायला. तिसरी आज मला.

"म्हनून मना ह्यो पायजे. कोनाला जवल न करनारा."

परत येताना बसमध्ये आई म्हणाली, "चांगली माणसं आहेत." मी म्हणालो, हो. आणि भिंतीपलीकडची?

मंगळवार, २५ नोव्हेंबर

मॅडमना सगळं सांगितलं.

म्हणजे हिशेब असा. तांबूला हवं तसं घर आहे, हात न लावणारं, मोकळं अंगण असलेलं. पण त्याच अंगणात एक कुत्रा मेलाय. विषाने की कशाने, कोणाला माहीत नाही. आणि काकांना तांबू हवाय तो राखणीला. तांबू भांड्यातलंच खातो हे मीच सांगितलं. खरं आहे ते. शेडमध्ये खरं आहे. शेडमध्ये भिंतीवरून कोण काय टाकणार?

मॅडम म्हणाल्या, "पिंजऱ्यात त्याला विष घालणार नाही कोणी. हे पण धर." मग म्हणाल्या, "तरी तू पिंजरा सांग, मी पिंजऱ्यात पाठवते. सांग."

मी टेम्पोवाल्याचा नंबर शोधला.

शनिवार, २९ नोव्हेंबर

तांबूला मुर्ध्याला सोडलं. टेम्पोने. उतरवताना कोणी हात लावला नाही. फळी लावली आणि थांबलो. तो आपला आपण उतरला. काका गेटपाशी, पाठ करून उभे. तो आत गेला, अंगणभर वास घेतला, आंब्याखाली बराच वेळ. मग पडवीच्या भिंतीला पाठ लावून बसला.

काकी म्हणाल्या, "याला कपाल दुकतंय काय? असा काय बगतो?" मी म्हणालो, त्याचं तोंडच तसं आहे. "यांचं पन तसंच," काकांकडे बघून म्हणाल्या.

साखळी गेटचीच आहे, तांबूसाठी नाही. विचारून घेतलं.

मॅडमनी फोटो काढला नाही. या वेळी त्यांनीच नको म्हटलं.

गुरुवार, ४ डिसेंबर

वाड्याची गाडी येऊन बाकीच्यांना घेऊन गेली. शेड रिकामी. मालकाचा माणूस कुलूप घेऊन उभाच होता. आता तांबूला परत आणायचं म्हटलं तरी आणायला जागा नाही.

घरी आईचा मार्गशीर्षाचा गुरुवार. घट मांडला होता. मला नमस्कार करायला लावला. मी काय मागितलं ते लिहीत नाही.

काकांचा फोन आला. स्वतःहून पहिल्यांदा. "तुझा कुतरा माझे पायावर डोकं ठेवून झोपतो. हालू देत न्हाय. लघवीला जाऊ कसा?" मी म्हणालो, थोडा वेळ थांबा, तो उठतो आपोआप. "थांबतो ना. सांगतो फक्त." फोन ठेवून दिला.

रविवार, ७ डिसेंबर

आज गेलो होतो. काका-काकी लग्नाला, राईला. किल्ली समोरच्या सुकटवाल्या बाईंकडे ठेवली होती माझ्यासाठी. किल्ली देताना बाई म्हणाल्या, "आता चवकशी नको करू." पण हसल्या.

आत गेलो. तांबू झोपला होता. मी अंगण बघितलं, सवयीने. उजव्या भिंतीच्या पायथ्याशी हाडं होती. मटणाची, चाटून स्वच्छ केलेली. एक जुनं, सुकलेलं. एक ताजं.

काकांकडे मटण होत नाही. काकींचा श्रावणापासून नेम चालू आहे. हे मला काकींनीच सांगितलंय.

तेवढ्यात भिंतीवरून एक बाई डोकावली. पुतण्याची बायको असणार. तरुण, पिठाचे हात. "अय्या, तुम्ही त्या शेडचे ना? किती गोड आहे हो हा! आधी बघायचासुद्धा नाही. मी रोज काहीतरी टाकते. दोन दिवस झाले, आता खातो." मग हळू आवाजात, "मामंजींना सांगू नका हं. त्यांना आमचं काही चालत नाही."

चेहरा बघितला. नीट बघितला. चांगला वाटला. हाटकेशच्या वहिनींचाही चांगलाच होता. आधीच्या कुत्र्यालाही ती असंच टाकायची का, विचारायला तोंड उघडलं. विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

हाडं पिशवीत भरून डॉक्टरांकडे नेली. म्हणाले, हाड बघून मला काय कळणार? कुत्रा कसा आहे? मी म्हणालो, बरा आहे. खातोय, चालतोय, डोळे स्वच्छ. "मग?" म्हणाले.

मग काय. काकांना सांगितलं तर भिंतीवरून भांडण पेटेल. तांबूला बांधून ठेवतील, बांधला की कोणीतरी धरणार, धरला की तो चावणार. न सांगितलं आणि काही झालं तर? आणि ती बाई नुसती एका म्हाताऱ्या कुत्र्याला हाड टाकत असेल तर? मागच्या वेळी संशय घेतला तेव्हा घर जाता जाता राहिलं.

काकांचा आत्ता फोन येऊन गेला. लग्नाहून आले. "आलतास ना? सगला बरा हाय ना?"

हो म्हणालो.

फोन अजून हातात आहे. त्यांचा नंबर काढून बसलोय. आईने दोनदा विचारलं, जेवायचं नाही का.